नोनीचा रस, सैंधव आणि विकतची पोळी

पत्र, थोडक्यात

धनकवडीच्या एका ताईंचं पत्र आहे. वय 47, पतसंस्थेत हिशेबाचं काम. घरात नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. दिवाळीनंतर एका तपासणी शिबिरात रक्तदाब 152/96 निघाला आणि एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) 6.1. फॅमिली डॉक्टरांनी पुन्हा तपासून ॲम्लोडिपिनची 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. तीन आठवड्यांत घोट्यांपाशी पाय सुजायला लागले. त्यात मैत्रीण म्हणाली, बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही. ताईंनी गोळी बंद केली आणि डॉक्टरांकडे पुन्हा गेल्या नाहीत.

मग बाणेरच्या बाजूला एका वेलनेस सेंटरमध्ये चौकशी केली. नाडी बघून 21 दिवसांचं पंचकर्माचं पॅकेज सुचवलं गेलं, 65 हजार रुपयांचं. ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून त्या रिक्षाने परत आल्या आणि ठरवलं की आपलं आपण करायचं. आता रोज दोन वेळा तुळस-आलं-ज्येष्ठमधाचा काढा, स्वयंपाकात फक्त सैंधव, मैत्रिणीकडून नोनी नावाच्या फळाचा रस, गुळवेल-हळदीच्या कॅप्सुल, सफरचंदाचं व्हिनेगर, डिटॉक्स चहा, पाणी ‘अल्कलाइन’ करायची पावडर, तळपायाला मुंग्या येतात म्हणून ॲक्युप्रेशरच्या चपला आणि सकाळी मोबाइल समोर ठेवून कपालभाती असा क्रम आहे. ‘एवढं करूनही दमायला होतं,’ असं त्या लिहितात. आणि विचारतात: निसर्गाकडे जायचं ते फक्त पैसेवाल्यांनीच का? महिना हजार रुपयांत, गोळ्या न घेता, स्वतःचं स्वतः तब्येत सांभाळायची तर आयुर्वेद, होमिओपॅथी, निसर्गोपचार, ॲक्युप्रेशर यांतलं खरं कुठलं धरू?

उत्तर

ताई, पॅकेज घेतलं नाहीत ते बरंच झालं. पंचकर्म खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण तुमचा रक्तदाब ज्या घरात, ज्या वेळापत्रकात वाढला, तिथेच तुम्ही बाविसाव्या दिवशी परत गेला असतात, आणि डोक्यावर 65 हजारांचा हप्ता असता. त्याने कुणाचं बीपी उतरल्याचं ऐकिवात नाही.

मी डॉक्टर नाही. त्यामुळे या उत्तरातलं जे औषधांशी संबंधित आहे, ते तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवून खात्री करून घ्या. बाकीचं मात्र मी अगदी हक्काने सांगणार आहे.

तुमचा पहिला प्रश्न पैसेवाल्यांचा. त्याचं उत्तर पुण्यातच सापडतं. पुणे स्टेशनाजवळ ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचाराचं केंद्र होतं. गांधीजी तिथे येऊन राहायचे. आज तिथेच, बापू भवनात, राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान आहे. गरिबांना परवडेल असा निसर्गोपचार गांधीजींना हवा होता, आणि शहरात बसून ते जमणार नाही असं वाटल्यावर 1946 मध्ये ते उरुळी कांचनला गेले. तिथे सामग्री काय होती? ऊन, पाणी, माती, साधं जेवण आणि रामनाम. पुढे मणिभाई देसाईंनी ते काम सांभाळलं. म्हणजे ज्या निसर्गाकडे जायला आज 65 हजार लागतात, त्याचा पुण्याजवळचा आश्रम खेड्यातल्या लोकांसाठी निघाला होता.

पण त्याच गांधीजींची दुसरी गोष्टही याच स्टेशनाजवळ घडलेली आहे. जानेवारी 1924 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला. ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. ऑपरेशनला तयार होणं ही आपल्या मनाची कमजोरी, असं गांधीजींनी नंतर लिहिलं. पण त्या रात्री त्यांनी मातीच्या पट्टीचा हट्ट धरला नाही, आणि पुढे 24 वर्षं जगले. निसर्गोपचारावर त्यांच्याइतकी निष्ठा तुमची-माझी नक्कीच नाही. त्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये?

हे एवढ्यासाठी सांगतेय की तुमच्या पत्रात एक गृहीत सगळीकडे पसरलेलं आहे: एकतर गोळ्या, नाहीतर निसर्ग. ही निवड तुमच्यापुढे कुणी ठेवली? डॉक्टरांनी ठेवली नव्हती. ठेवली मैत्रिणीने, जी नोनीचा रस विकते.

आता जरा हिशेब. तुम्ही स्वतः हिशेबाचं काम करता आणि पत्रात किमतीही दिल्या आहेत, पण बेरीज केलेली नाही. नोनीची बाटली 1,200, कॅप्सुल 650, व्हिनेगर 400, अल्कलाइन पावडर 550, डिटॉक्स चहा 480. हे महिन्याला 3,280 रुपये होतात, चपला वेगळ्या. हजारात बसवायचं म्हणता, आणि खर्च तिपटीहून जास्त आहे. थोडा-थोडा जातो म्हणून दिसत नाही इतकंच. पतसंस्थेत असे कितीतरी कर्जदार तुम्ही पाहिले असतील.

पैसे गेले तर गेले, पण यातल्या काही गोष्टी तुमच्या रक्तदाबाच्या थेट विरोधात काम करतायत. त्या आधी बघू.

सगळ्यात पहिला ज्येष्ठमध. घसा बसला की दोन दिवस काडी चघळली, त्याने काही बिघडत नाही. पण तुम्ही तो महिनोन् महिने रोज दोन वेळा उकळून पिताय. ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिनमुळे शरीरात सोडियम आणि पाणी अडून राहतं, पोटॅशियम बाहेर जातं आणि रक्तदाब वाढतो. हे आयुर्वेदाच्या विरोधकांनी पसरवलेलं नाही. उच्च रक्तदाबाच्या माणसाला जाणकार वैद्यही ज्येष्ठमध जपूनच देतात. गोळी बंद आणि ज्येष्ठमध सुरू, अशी तुमची गत झाली आहे. काढा आजच थांबवा. तुळस-आल्याचा चहा आवडत असेल तर तेवढा राहू द्या.

दुसरं सैंधव. ‘बीपीला चालतं’ म्हणून तुम्ही हात सैल सोडलाय, हे तुमच्याच वाक्यावरून कळतं: ‘आता मिठाची भीती नाही.’ सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. रंग गुलाबी असो की पांढरा, रक्तदाबाला त्याचं काही नाही. उलट साध्या आयोडिनयुक्त मिठातून घरातल्या सगळ्यांना मिळणारं आयोडिन गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, चटणी, फरसाण, चहाबरोबरची खारी हे सगळं आलं. आपल्याकडे जेवणाच्या ताटात डावी बाजू भरली की बरंचसं मीठ तिथेच संपतं. भाजीतलं मीठ कमी करून सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा डावी बाजू रोजची न ठेवता सणावारी ठेवा. (बाजारात कमी सोडियमचं मीठही मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय आणू नये.)

अल्कलाइन पावडरच्या डबीवर घटक वाचा. सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं असेल तर तुम्ही साडेपाचशे रुपयांना खाण्याचा सोडा पिताय, म्हणजे पुन्हा सोडियमच. रक्ताची आम्लता फुप्फुसं आणि किडन्या सांभाळतात, ती पाण्याने बदलत नाही. डिटॉक्स चहात सोनामुखी, म्हणजे जुलाबाची वनस्पती, आहे का तेही बघा. पुष्कळदा असते. रोजच्या जुलाबाला ‘शुद्धी’ म्हणायची पद्धत पडली आहे.

गुळवेलीबद्दल दोन मतं आहेत, ती दोन्ही सांगते. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला आणि 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी तो घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद काहीही असो, हळदीच्या दाट अर्काच्या, त्यात मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सुलींनीही काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सुल वेगळी. कावीळ, खूप थकवा, गडद लघवी असं काही जाणवलं तर कॅप्सुल बंद करून लिव्हरची तपासणी करा आणि डॉक्टरांना कॅप्सुलचं नाव सांगा. लोक हेच सांगायचं विसरतात. ‘औषध कुठलं घेता?’ विचारलं की काढा, चूर्ण, रस कुणी मोजत नाही.

झाडपाल्याला जोर नसतो असं समजू नका. सर्पगंधेचं उदाहरण घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकिलांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगभर तिच्यापासून औषधं झाली. पुढे काही रुग्णांच्या मनावर उदासी येते हेही लक्षात आलं. जी मुळी खरंच काम करते, ती नकोसं कामही करू शकते. म्हणून तिला मात्रा लागते आणि बघणारा माणूस लागतो.

आता तळपायाच्या मुंग्या. यासाठी तुम्ही काटेरी चपला घेतल्यात. पत्रात तुम्ही शाकाहारी असल्याचं आणि दूध-दही फारसं खात नसल्याचं लिहिलंय. पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने अनेक वर्षं जे संशोधन केलं, त्यात आपल्या लोकांमध्ये बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता किती सर्रास आहे हे दिसून आलंय. मुंग्या, दमणूक, विसरभोळेपणा ही त्याची नेहमीची लक्षणं. तुमचं दुखणं तेच आहे असं मी म्हणत नाही, मुंग्यांची कारणं इतरही असतात. पण बी-12, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एवढ्या तीन तपासण्या करून घ्या. नोनीच्या एका बाटलीऐवजी हा खर्च करा. कमतरता निघाली तर ती भरून काढणं सोपं आहे, आणि ते चपलांनी होणारं नाही.

गोळीकडे येते. पाय सुजणं हा ॲम्लोडिपिनचा ठाऊक असलेला परिणाम आहे. डॉक्टरांना पाय दाखवले असते तर त्यांनी मात्रा कमी केली असती किंवा दुसरी गोळी दिली असती. यात गुन्हा तुमचा नाही. आपल्याकडे डॉक्टरांना ‘तुमची गोळी मानवली नाही’ असं सांगणं म्हणजे उद्धटपणा वाटतो, म्हणून माणसं गप्प बसतात आणि गोळीच बंद करतात. सांगा. सूज कुठल्या दिवशी सुरू झाली, ती संध्याकाळी वाढते का, एवढं कागदावर लिहून न्या. आणि ‘सुटत नाही’ म्हणाल, तर चष्माही सुटत नाही, पण म्हणून कुणी त्याला व्यसन म्हणत नाही. वजन, मीठ, झोप आणि चालणं यांनी रक्तदाब खरोखर खाली आला, तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतात, क्वचित बंदही करतात. मात्र ते आकडे बघून ठरवायचं. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब उसळी मारतो, तेव्हा हा प्रयोग वाचकांपैकी कुणीच परस्पर करू नये. पैशांची अडचण असेल तर जन औषधी केंद्रात याच गोळ्या फार स्वस्त मिळतात. तुमच्या सगळ्या यादीत बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू हीच आहे.

मग ‘खरी पद्धत कुठली?’ हा तुमचा प्रश्न. मी तो जरा वेगळा करून घेते: कुठल्या पद्धतीतलं काय स्वतःचं स्वतः करता येतं आणि कशासाठी माणूस गाठावा लागतो?

आयुर्वेदातली दिनचर्या स्वतःची स्वतः करता येते: वेळेवर झोप, भूक लागल्यावर जेवण, तेल लावणं, ताकदीच्या निम्मा व्यायाम. या निम्म्याच्या सल्ल्यावर माझा फार जीव आहे. जिममध्ये जीव जाईपर्यंत उठाबशा काढून पुढचे आठ दिवस लंगडणाऱ्या माणसांनी तो भिंतीवर लावावा. पण औषधी आयुर्वेद, त्यातही भस्मं आणि रसौषधी, हे स्वतःचं काम नव्हे. त्यात पारा, सोमल (आर्सेनिक) यांसारखे पदार्थ असू शकतात आणि वत्सनाभासारखी विषारी द्रव्यं असलेल्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशी सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पुडीत बांधून दिलेलं, नाव नसलेलं चूर्ण कुणी कितीही मायेने दिलं तरी घेऊ नका. वैद्य हवाच असेल तर रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालयाला जोडलेलं ताराचंद रामनाथ धर्मार्थ रुग्णालय आहे. तिथे ओपीडीत दाखवा आणि डॉक्टरांची फाइल सोबत न्या. निसर्गोपचाराचं ताडीवाला रोडवरचं संस्थान सरकारी आहे, तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. बाणेरला रिक्षाने गेलात, त्याच्या निम्म्या पैशांत पीएमपीच्या बसने दोन्हीकडे जाऊन याल.

होमिओपॅथीबद्दल माझं मत अनेकांना रुचणार नाही. साखरेच्या गोळ्यांपलीकडे त्यात औषधी परिणाम असल्याचा भक्कम पुरावा नाही. पण होमिओपॅथ पाऊण तास बसवून तुमची झोप, राग, स्वप्नं, सासर सगळं विचारतो, आणि तेवढ्यानेही माणसाला बरं वाटतं. आपल्या डॉक्टरांना ते जमत नाही हे त्यांचं अपयश आहे. रक्तदाब मात्र त्या गोळ्यांवर सोपवू नका. ॲक्युप्रेशरने पाय चेपल्यासारखं वाटत असेल तर जरूर वाटू द्या. पायाला बधिरपणा असलेल्यांनी आणि मधुमेहींनी काटेरी चपला टाळाव्यात, जखम झालेली कळत नाही.

ओळख पटवायची एक सोपी खूण सांगते. मधुमेह किंवा रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे. ‘बीपी मुळापासून बरं’ असं ज्या बाटलीवर, पत्रकावर किंवा व्हॉट्सॲपवर दिसेल, तो माणूस कायदा मोडून तुमच्याशी व्यवहार करतोय एवढं धरून चाला.

आता मला तुमच्या पत्रातली खरी गोष्ट सांगायची आहे. उपायांवर तुम्ही तीन पानं लिहिलीत. आणि मध्येच एक ओळ: ‘सगळ्यांचं झाल्यावर साडेदहाला जेवते, झोपायला बारा होतात, पाचला डबे असतात, ते चालायचंच.’

ते कसं चालेल? पाच तास झोप, रात्री साडेदहाचं जेवण, दिवसभर खुर्ची. रक्तदाब, साखर, दमणूक या तिन्ही गोष्टी एवढ्यातच आल्या. त्यावर तुम्ही आणखी काढा उकळायचं काम वाढवून घेतलंत, आणि तो करायला पहाटे अर्धा तास लवकर उठता. तुम्हाला पैशांची तंगी आहे असं तुम्ही म्हणता. मला वेळेची दिसते, आणि ती वेळ घरातल्या बाकी तिघांकडे आहे.

पुण्यात पोळीभाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. आमच्या भागात एक पोळी दहा रुपयांना मिळते, तुमच्याकडे एखाददुसरा रुपया इकडेतिकडे. चौघांच्या संध्याकाळच्या दहा पोळ्या धरल्या तर रोजचे शंभर. आठवड्याचे सहा दिवस आणल्या तरी महिन्याला साधारण 2,600. नोनी आणि कंपनीच्या 3,280 मध्ये बसून वर उरतात. हजारातच बसवायचं असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी आणा, आणि बाकीच्या दिवशी मुलाला कुकर लावू दे. बारावी आहे म्हणून वीस मिनिटं कुकरपाशी उभं राहिल्याने कुणाचे मार्क जात नाहीत. सासूबाई म्हणतील, घरात बाई असताना विकतची पोळी? त्यांना सांगा, डॉक्टरांनी आठला जेवायला आणि साडेदहाला झोपायला सांगितलंय. आणि डॉक्टरांकडून खरंच तसं लिहून आणा. चिठ्ठीवर लिहिलेल्या गोष्टीला आपल्या घरांत वेगळाच मान असतो. सूनबाईंच्या झोपेसाठी नाही, पण ‘औषध’ म्हटलं की सगळे ऐकतात. दुर्दैव आहे, पण वापरून घ्या.

जेवणाचं म्हणाल, तर दोनदाच जेवा आणि दर दोन तासांनी खा या दोन पक्षांत अर्धा महाराष्ट्र विभागलेला आहे. तुम्ही त्या वादात पडू नका. आठच्या आत जेवण, ताटात भात कमी आणि वरण-उसळ जास्त, ज्वारीची भाकरी चालत असेल तर ती, आणि चहाबरोबरची खारी बंद. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीत चाला. जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते, आणि तुमच्या 6.1 ला त्याचा उपयोग आहे (5.7 ते 6.4 हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा समजतात). साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या वाचकांनी मात्र उपास, मेथी, कारल्याचा रस यांपैकी काहीही विचारल्याशिवाय सुरू करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि दुधीचा रस पिणाऱ्यांनी आधी दुधीची एक फोड चाखावी. कडू लागली तर थुंकून दुधी फेकून द्यावा. कडू दुधीने माणसं अत्यवस्थ होऊन दवाखान्यात गेली आहेत, दगावलीही आहेत.

व्यायामाला तुमच्या घराजवळ तळजाईची टेकडी आहे, फुकट. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं हे प्रौढांसाठीचं किमान प्रमाण. रोज वीस-पंचवीस मिनिटांत होतं. चढ नंतर, आधी सपाटी.

कपालभाती सध्या थांबवा. रक्तदाब ताब्यात नसताना जोरजोरात श्वास फेकणं किंवा तो रोखून धरणं बरं नाही, शीर्षासनही नाही. त्याऐवजी संथ अनुलोम-विलोम, भ्रामरी, शवासन. आसनं करायचीच असतील तर महिना-दोन महिने समोर बसलेल्या शिक्षकाकडे जा आणि मग घरी करा. मोबाइलला तुमचा गुडघा दिसत नाही. पुण्याला हे सांगावं लागू नये. मॉडेल कॉलनीत 1975 पासून योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची संस्था आहे, आणि पट्टे, ठोकळे, खुर्ची, दोर यांचा आधार देऊन अवघडलेल्या शरीरालाही आसन जमवून द्यायची त्यांची रीत जगभर गेली. घरी पट्ट्याऐवजी जुनी ओढणी, ठोकळ्याऐवजी घट्ट घडी केलेली सतरंजी, आणि शवासनाला गुडघ्याखाली तक्क्या चालतो. विकत काही आणू नका.

एकच वस्तू आणा: दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र. दोनेक हजार एकदाच जातील. मनगटाचं घेऊ नका. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही. पाठ टेकून, पाय जमिनीला, एकावर एक न टाकता, पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत. सासूबाईंशी बोलत बोलत मोजलेला आकडा धरू नका. घरी मोजताना 135/85 किंवा त्याहून जास्त सातत्याने आला तर तो वाढलेलाच. त्या वहीत झोपायची वेळ आणि चाललेली मिनिटंही लिहा. दर चार आठवड्यांत एकच बदल करा, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. तुम्ही आत्ता नऊ गोष्टी एकदम करताय, उद्या बरं वाटलं तरी श्रेय नोनीलाच जाईल. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं ते योग प्रयोगशाळेत तपासून बघायला. पारंपरिक गोष्ट मोजून बघण्यात तिचा अपमान नाही.

सुरुवात मात्र याच आठवड्यात डॉक्टरांपासून. दोन-तीन दिवसांचे आकडे, सुजेचा कागद आणि सगळ्या बाटल्यांचे फोटो घेऊन जा. छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एकदम दम लागणं यांपैकी काही झालं तर घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता 108 ला फोन करायचा, हे मुलालाही सांगून ठेवा. आकडा 180/120 च्या पुढे दिसला तर शांत बसून पाच मिनिटांनी परत मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि सोबत वरचं एखादं लक्षण असेल तर थेट हॉस्पिटल. गरोदर बायका, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, किडनीचे रुग्ण आणि ऑपरेशन ठरलेले लोक यांनी काढे-चूर्णं स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. नोनीतल्या पोटॅशियमचाही किडनीच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो.

राहता राहिली मैत्रीण. ती सोसायटीतली आहे, रोज लिफ्टमध्ये भेटते, तिला दुखवायचं नाही हे कळतं. तिच्याशी औषधाबद्दल वाद घालू नका, तिने प्रशिक्षणात सगळी उत्तरं पाठ केलेली असतात. ‘डॉक्टरांनी सध्या सगळे रस बंद केलेत’ एवढं एकच वाक्य, दर वेळी तेच. तुम्ही तिच्याखाली सभासद म्हणून सही केली असेल तर दर महिन्याची मागणी आपोआप जाते का ते आधी तपासा आणि ती लेखी बंद करा. न उघडलेल्या दोन बाटल्या आहेत म्हणता, त्या परत घ्यायला सांगा, पावती असेलच. नाही घेतल्या तर 2,400 रुपये बुडाले असं वहीत लिहा, आणि पुढच्या महिन्यात तिने हळदीकुंकवाला बोलावलं तर नक्की जा.